नळाच्या पाण्यात मीठ घातलं की समुद्राचं पाणी होतं का?

प्रश्नाचे खरं तर दोन भाग आहेत. पहिला असा: एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवलं तर ते समुद्राच्या पाण्याच्या जागी चालेल का, त्यात सागरी जीव जगतील का? दुसरा: सगळ्या महासागरांचं पाणी जवळपास सारखंच खारट असेल, तर कुठे जीवांची दाटी आणि कुठे मैलोन्‌मैल ओसाडी, असं का? सागरी जीवांच्या पैदाशीसाठी पाणी तयार करणं आणि तपासणं हेच माझं अनेक वर्षांचं काम. त्यामुळे पहिल्या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

थोडक्यात उत्तर: नाही. चवीला ते पाणी समुद्रासारखं लागेल, त्याची घनता आणि गोठणबिंदूही जवळपास जुळतील. जीव मात्र बहुतेक मरतील, आणि ते कशामुळे मरतात हे पाहण्यासारखं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॅक लोब या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने फन्ड्युलस नावाच्या एका छोट्या किनारी माशाच्या अंड्यांवर प्रयोग केले. ही अंडी समुद्राच्या पाण्यात वाढतात आणि चक्क ऊर्ध्वपातित पाण्यातही वाढतात. पण समुद्राइतक्याच तीव्रतेच्या, नुसत्या सोडियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवली की मरतात. त्याच द्रावणात थोडंसं कॅल्शियम मिसळलं की वाचतात. म्हणजे पाणी खारट आहे ही अडचण नव्हती. सोडियम एकटा होता, त्याला आवर घालणारं कोणी नव्हतं, ही अडचण होती. पेशीच्या पटलातून काय आत जाईल आणि काय बाहेर येईल, यावर कॅल्शियमचा मोठा ताबा असतो. त्याच सुमारास जीवशास्त्रज्ञ कुर्ट हर्ब्स्टने दाखवलं की समुद्री साळिंदराचा (सी अर्चिन या काटेरी, गोल जीवाचा) कोवळा भ्रूण कॅल्शियम काढून टाकलेल्या पाण्यात ठेवला तर त्याच्या पेशी एकमेकींना सोडून सुट्या होतात. पेशींना पेशींशी बांधून ठेवणारी प्रथिनं कॅल्शियमशिवाय काम करत नाहीत, हे आज आपल्याला माहीत आहे.

आता आकडे. ३५ क्षारतेच्या, म्हणजे किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असलेल्या, एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण १९.४ ग्रॅम क्लोराइड, १०.८ ग्रॅम सोडियम, २.७ ग्रॅम सल्फेट, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या आसपास असतात. विरघळलेल्या क्षारांचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग या सहांचाच. त्यातलं सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे ज्याला आपण मीठ म्हणतो ते, ८५ टक्क्यांच्या आसपास भरतं. उरलेले पंधरा टक्के मिठाच्या पुडीत नसतात, आणि जीवांचं अडतं ते नेमकं तिथेच.

कोळंबीपालनात याचा प्रत्यय फार लवकर येतो. समुद्रापासून दूर, जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर कोळंबी वाढवतात. क्षारता मोजली तर अगदी योग्य येते, तरी पिल्लं मरगळतात, कात टाकताना मरतात. तपासलं की बहुधा पोटॅशियम कमी निघतं. समुद्रात सोडियम आणि पोटॅशियमचं प्रमाण वजनाने २७ ते २८ ला १ असं असतं. जमिनीखालच्या पाण्यातलं पोटॅशियम मातीचे कण धरून ठेवतात, म्हणून तिथे हे प्रमाण बिघडलेलं असतं. पेशीतला सोडियम बाहेर फेकणारा पंप पोटॅशियम आत घेतल्याशिवाय चालत नाही. त्यामुळे उपाय साधा असतो: पाण्यात म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइडचं खत) टाकायचं. पोटॅशियम पुरवलं की त्याच तळ्यात, त्याच क्षारतेत कोळंबी तगते. माझ्या मते क्षारतेच्या आकड्यावर लोक गरजेपेक्षा जास्त विसंबतात. तो आकडा एकूण किती विरघळलंय एवढंच सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही.

मग समुद्रशास्त्रज्ञ तरी एकाच आकड्यावर कसे भागवतात? कारण खुल्या समुद्रात हे प्रमाण हलत नाही. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने जगभरातून पाण्याचे नमुने आणले. त्यांपैकी ७७ नमुन्यांचं बारकाईने पृथक्करण करून रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमारने १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: क्षारता कमीजास्त होते, पण प्रमुख घटकांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे जवळपास तेच राहतं. बाष्पीभवनाने पाणी उडतं, पावसाने वाढतं, क्षार तेवढेच राहतात. सगळा महासागर एकदा ढवळून निघायला साधारण हजार वर्षं लागतात, तर सोडियमचा एखादा अणू समुद्रात कोट्यवधी वर्षं राहतो. मिसळायला भरपूर वेळ मिळतो. हा नियम नदीमुखाजवळ, बंदिस्त खाडीत आणि अर्थातच बादलीत कालवलेल्या पाण्यात लागू होत नाही.

इथे एक उपप्रश्न दरवेळी येतो. नद्या रोज क्षार आणून टाकतात, तर समुद्र अधिकाधिक खारट का होत नाही? हा विचार जुना आहे. एडमंड हॅलीने १७१५ मध्ये सुचवलं होतं की खारटपणा किती वाढतो यावरून पृथ्वीचं वय काढता येईल. जॉन जॉलीने १८९९ मध्ये सोडियमवरून तसं गणित खरोखर केलं आणि उत्तर काढलं नऊ कोटी वर्षांच्या आसपास. पृथ्वीचं खरं वय त्याच्या पन्नासपट आहे. गणित चुकलं नव्हतं, गृहीतक चुकलं होतं: जे आलं ते साठतच गेलं, असं ते धरून चाललं होतं. प्रत्यक्षात समुद्रातून क्षार बाहेरही जातात. उथळ खाड्या आटून मिठाचे थर बनतात, तळाच्या चिकणमातीत काही अडकतात, आणि बराचसा मॅग्नेशियम समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांत संपतो. तिथे भेगांतून खाली झिरपलेलं पाणी तापतं, खडकाशी त्याची रासायनिक देवघेव होते आणि ते ३५० अंशांच्याही वर तापलेल्या अवस्थेत बाहेर येतं, तेव्हा त्यात मॅग्नेशियम जवळपास उरलेलाच नसतो. समुद्रतळावरचे उष्ण झरे पहिल्यांदा १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ सापडले, तोवर मॅग्नेशियमचा हिशेब जुळत नव्हता.

आणि एक मोठा वाटा जीवांचा. नदीच्या पाण्यात सगळ्यात जास्त असतात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, समुद्रात असतात सोडियम आणि क्लोराइड. नदीचं पाणी कितीही आटवलं तरी समुद्राचं पाणी होणार नाही. कारण कॅल्शियम समुद्रात आला की प्रवाळ, शिंपले आणि फोरामिनिफेरा, कोकोलिथोफोर असे एकपेशीय जीव त्याची कवचं करून तळाला पाठवतात. सिलिका डायॅटम नावाची एकपेशीय शेवाळं उचलतात, तेही इतकं की पृष्ठभागावरच्या पाण्यात कित्येक ठिकाणी ती नावालाच उरते. सोडियमचा मात्र बांधकामाला कोणालाच फारसा उपयोग नाही, म्हणून तो पडून राहतो. समुद्र खारट आहे तो एका अर्थी जीवांनी जे उचललं नाही त्यामुळे.

कार्बोनेटचा विषय स्वतंत्रपणे घ्यायला हवा, कारण घरी पाणी बनवणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ च्या आसपास असतो आणि तो सहजासहजी ढळत नाही. त्याला धरून ठेवतो तो बायकार्बोनेट आणि कार्बोनेटचा साठा. विरघळलेल्या अजैव कार्बनपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास बायकार्बोनेट, नऊ-दहा टक्के कार्बोनेट, आणि मोकळा कार्बन डायऑक्साइड जेमतेम एक टक्का. मिठाच्या पाण्यात हा साठाच नसतो. त्यात चार जीव सोडले, त्यांनी श्वास घेतला, की पीएच धाडकन खाली येतो. दिवसा शेवाळाने प्रकाशसंश्लेषण केलं की पुन्हा वर जातो. कवच बांधणाऱ्या जीवाला असल्या हेलकाव्यांत काम करता येत नाही.

हा साठा अथांग आहे असं मात्र समजू नका. हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. तो वायू पाण्यात आला की कार्बोनेटला खाऊन बायकार्बोनेट बनवतो, म्हणजे कवचाला लागणारा कच्चा मालच कमी होतो. औद्योगिक क्रांतीपासून पृष्ठभागाच्या पाण्याचा पीएच साधारण ०.१ ने उतरला आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे. हायड्रोजन आयन त्यामुळे पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढले. अमेरिकेतल्या ओरेगनच्या किनाऱ्यावरच्या कालवांच्या हॅचऱ्यांमध्ये (पैदास केंद्रांमध्ये) २००७ च्या सुमारास अळ्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा आधी संशय रोगजंतूंवर गेला. पुढे कळलं की वाऱ्यामुळे खोलातलं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी वर येत होतं आणि त्याच पाण्यात अळ्या पहिलं कवच बांधायला बसत होत्या. ते पहिलं कवच दोनेक दिवसांत उभं राहावं लागतं, तेही अंड्यातल्या शिदोरीवर. कार्बोनेट कमी असलं तर बांधकामालाच सगळी शक्ती खर्ची पडते. आत येणाऱ्या पाण्यात सोडियम कार्बोनेट सोडायला सुरुवात केल्यावर उत्पादन सावरलं.

तर मग पाणी बनवायचंच असेल तर? सुरुवात नळाच्या पाण्याने करू नका. त्यात क्लोरीन असतं, कधी तांबंही असतं, आणि अपृष्ठवंशी जीवांना तांब्याचा अंशही घातक ठरतो. आरओ किंवा आयनमुक्त पाणी घ्या. केस्टर आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दिलेली पाककृती आजही प्रयोगशाळांत वापरात आहे. तिचं तत्त्व असं की सोडियम क्लोराइड, सोडियम सल्फेट, पोटॅशियम क्लोराइड, बायकार्बोनेट असे कोरडे राहणारे क्षार वजनाने घ्यायचे, आणि मॅग्नेशियम व कॅल्शियमची क्लोराइडं आधी वेगळ्या द्रावणात विरघळवून, ते द्रावण मोजून घालायचं. ही दोन क्लोराइडं हवेतलं पाणी ओढतात, त्यामुळे तराजूवर दिसणाऱ्या वजनात क्षार किती आणि ओल किती हे कळत नाही. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घट्ट अवस्थेत समोरासमोर आणायचे नाहीत, नाहीतर चुन्याचा पांढरा साका खाली बसतो. सगळं मिसळल्यावर किमान एक दिवस हवेचे बुडबुडे सोडत ठेवायचं, म्हणजे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेशी तोल साधतो. त्याआधी मोजलेल्या पीएचला काही अर्थ नसतो. बाजारातलं मत्स्यपेटीचं तयार मीठ घेतलंत तर यातला बराच खटाटोप वाचतो, आणि नवख्याने तेच घ्यावं असं माझं मत आहे.

मोजमापाबद्दल एक सूचना. हातातले स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणारी उपकरणं) पुष्कळदा नुसत्या मिठाच्या द्रावणावर आखलेले असतात. समुद्राचं ३५ चं पाणी त्यावर साडेछत्तीसच्या आसपास दिसतं. ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्य जुळवल्याने हा फरक जात नाही, त्यासाठी ३५ चं प्रमाणित द्रावण लागतं.

"पण आम्ही साध्या मिठाच्या पाण्यात आर्टेमिया काढल्या, त्या छान पोहत होत्या," असं कोणी ना कोणी सांगतंच. खरं आहे. आर्टेमिया हा मिठागरातला जीव, समुद्राच्या कितीतरी पट खारट पाणी तो पचवतो. साधं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा एवढ्यावर त्याची अंडी फुटतात. म्हणून तर तो पाण्याची परीक्षा घ्यायला कुचकामी. समुद्री साळिंदराच्या अळ्यांना हात-पाय फुटले तर पाणी खरं. आणि रसायनं तंतोतंत जुळली तरी जिवाणूंचा प्रश्न राहतोच. नव्या पाण्यात जीवांनी टाकलेल्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू नसतात. समुद्राच्या पीएचला अमोनियाचा विषारी, आयन न झालेला हिस्सा पीएच ७ च्या तुलनेत दहापटीहून जास्त असतो. गोड्या पाण्याच्या टाकीत जे खपून जातं ते इथे खपत नाही.

आता दुसरा भाग. खारटपणा सगळीकडे जवळपास सारखा, तरी जीव सारखे नाहीत, कारण जीवांची मर्यादा ठरते ती पाण्यात जे अगदी चिमूटभर आहे त्यावरून. समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्डने १९३४ मध्ये एक गोष्ट टिपली: प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, शरीरात नायट्रोजन आणि फॉस्फरसचं जे प्रमाण असतं, तेच खोल समुद्राच्या पाण्यातही आढळतं. पुढे ते १६ ला १ असं रूढ झालं. हा योगायोग नाही. प्लवक मरतात, खाली पडतात, कुजतात, आणि ज्या प्रमाणात उचललं त्याच प्रमाणात पाण्याला परत देतात. पण परत देतात ते खोलात, जिथे उजेड नाही. वर उजेड आहे तर खत नाही, खाली खत आहे तर उजेड नाही. पेरू आणि नामिबियाच्या किनाऱ्यांवर वारे खालचं पाणी वर ओढतात, म्हणून तिथे मासळीची रेलचेल. महासागरांच्या मध्यावर, उष्ण कटिबंधाला लागून, गरम पाण्याचं झाकण बसलेलं असतं आणि खालचं काही वर येत नाही. निळंशार, नितळ पाणी छायाचित्रात सुंदर दिसतं, पण ते उपासमारीचं लक्षण आहे.

तरीही दक्षिण महासागराचं कोडं उरतं. तिथे पृष्ठभागावर नायट्रेट आहे, फॉस्फेट आहे, उन्हाळ्यात उजेडही आहे, तरी प्लवक त्या मानाने थोडे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिनने मांडलं की तिथे कमी पडतं ते लोह. अर्धं टँकरजहाज भरून लोह द्या, हिमयुग आणून दाखवतो, असं तो थट्टेने म्हणाला होता. १९९३ मध्ये गॅलापागोसजवळच्या समुद्रात लोह टाकून पहिला प्रयोग झाला आणि प्लवक खरंच वाढले. मार्टिन मात्र त्याच्या काही महिने आधी वारला होता. खुल्या समुद्रात लोहाचं प्रमाण लिटरला एका नॅनोमोलच्याही (मोलच्या अब्जांशाच्याही) खाली असतं, कारण प्राणवायू असलेल्या, पीएच ८ च्या पाण्यात लोह गंजून खाली बसतं. मला यातला इतिहास जास्त रंजक वाटतो. प्राणवायू नव्हता तेव्हाच्या समुद्रात लोह मुबलक विरघळलेलं होतं आणि जीवांनी आपली विकरं त्याच्या भरवशावर घडवली. मग सूक्ष्मजीवांनीच प्राणवायू सोडायला सुरुवात केली आणि ते लोह खडकांच्या लाल थरांत गेलं. आज वाळवंटातून उडून आलेल्या धुळीवर समुद्राचा मोठा भाग गुजराण करतो.

प्राणवायूची चणचण वेगळ्या प्रकारची. लिटरभर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सात मिलिग्रॅमही नसतो, शून्य अंशाला साडेअकराच्या आसपास. म्हणजे मासा जितका गरम पाण्यात, तितकी त्याची गरज जास्त आणि पुरवठा कमी. अंटार्क्टिकातल्या आइसफिशच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, तरी तो जगतो, ते पाणी थंड आणि प्राणवायूने भरलेलं आहे म्हणून. खोल समुद्रात प्राणवायू पोहोचतो कसा, याचं उत्तर पुन्हा क्षारांकडे नेतं. गोडं पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, त्याखाली हलकं होऊन वर तरंगतं. क्षारता २५ च्या आसपास गेली की ही गंमत संपते. समुद्राचं पाणी गोठेपर्यंत, म्हणजे उणे १.९ अंशांपर्यंत, जडच होत जातं. ध्रुवांजवळचं थंड पाणी म्हणून तळापर्यंत बुडी मारतं आणि प्राणवायू सोबत नेतं. अरबी समुद्रात आणि पूर्व पॅसिफिकच्या उष्ण भागात मधल्या थरांत, साधारण २०० ते १००० मीटरांमध्ये, तो जवळपास संपतो, कारण वरून कुजकं अन्न सतत पडतं आणि ताजं पाणी तिथवर येत नाही. १९६० पासून महासागरांतला एकूण प्राणवायू सुमारे दोन टक्क्यांनी घटला आहे. हे मोजायला आजही १८८८ मध्ये विंक्लरने दिलेली अनुमापनाची (टायट्रेशनची) रीत प्रमाण मानतात, आणि इलेक्ट्रॉनिक सेन्सर तिच्यावरच पडताळले जातात.

उजेडाबद्दल एवढंच: तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो, निळा सगळ्यात खोल जातो. म्हणून खोलातले कित्येक जीव लालभडक असतात. तिथे लाल म्हणजे अदृश्य.

राहिला दाब. दर दहा मीटरला तो एका वातावरणाइतका वाढतो. दाब भौतिक आणि क्षार रासायनिक, असा भेदच इथे उरत नाही. दाबाखाली प्रथिनांची घडी बिघडते. ती सावरायला खोलातले मासे शरीरात टीएमएओ नावाचा रेणू साठवतात, आणि जितकं खोल जावं तितका तो जास्त. पण हाडांच्या माशाचं रक्त मुळात समुद्राच्या साधारण एक तृतीयांशच तीव्रतेचं असतं. म्हणूनच तो सतत समुद्राचं पाणी पितो आणि कल्ल्यांतून क्षार बाहेर टाकतो. टीएमएओ वाढत गेला की हे अंतर मिटत जातं. २०१४ मध्ये पॉल यान्सी आणि सहकाऱ्यांनी ७००० मीटरांवरच्या स्नेलफिशची मापं घेऊन हिशेब मांडला की ८२०० मीटरांच्या सुमारास माशाचं रक्त समुद्राइतकंच तीव्र होईल. त्याखाली आणखी टीएमएओ भरला तर पाणी उलट आत घुसू लागेल, आणि त्याची पचनापासून मूत्रपिंडापर्यंतची सगळी व्यवस्था उलट्या कामासाठी बनलेली आहे. २०२२ मध्ये इझू-ओगासावारा गर्तेत ८३३६ मीटरांवर स्नेलफिश कॅमेऱ्यात आला. मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ ११ किलोमीटरांवर, ॲम्फिपॉडचे (कोळंबीच्या नात्यातल्या छोट्या जीवांचे) थवे आहेत, मासे नाहीत. ॲम्फिपॉडसारख्या सागरी अपृष्ठवंशी जीवांच्या अंगातला द्रव पहिल्यापासूनच समुद्राच्या तीव्रतेचा असतो, त्यामुळे माशांसमोरची ही अडचण त्यांच्यासमोर येत नाही.